सिंगापूरला तेरा तास आणि क्वालालंपूरला चार

ताई,
स. न. वि. वि.
मी नौपाड्यात राहते, वय 62. आमचे हे 67 वर्षांचे, बँकेतून निवृत्त. लेक मेलबर्नला असते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालोय. जाताना सिंगापूरला सकाळी पावणेआठला उतरतो, पुढचं विमान थेट रात्री पावणेनऊला. हे म्हणतात, ‘तेरा तास एका जागी पडून राहायला मी काय सामान आहे? शहर बघून येऊ.’ आमच्याकडे सिंगापूरचा व्हिसा नाही. ऑस्ट्रेलियाचा आहे म्हणे, पण पासपोर्टवर काहीच चिकटवलेलं नाही, नुसता ई-मेल आलाय. आमच्या सोसायटीतले एक काका मुलाकडे अमेरिकेला जाऊन-येऊन असतात. ते म्हणाले, व्हिसाशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत तर सरळ आत टाकतील. तेव्हापासून माझी झोप उडालीये. ह्यांना कसं आवरू? येतानाची काळजी नाही. क्वालालंपूरला चारच तास आहेत, जावयांनी दोन वेगवेगळी तिकिटं जोडून बरेच पैसे वाचवलेत.
ता. क. तलावपाळीजवळच्या दुकानातले पेढे नेले तर चालतील ना?
– एक घाबरलेली आजी, ठाणे

आजीबाई, ह्यांना आवरू नका. ह्या वेळी ते बरोबर आहेत. आणि झोप उडायचीच असेल तर ती सिंगापूरपायी नको, क्वालालंपूरपायी उडू दे. तिकडे मी येतेच, आधी तुमचे तेरा तास मार्गी लावू.

सोसायटीतले काका खोटं बोलत नाहीयेत, फक्त दुसऱ्या देशाबद्दल बोलतायत. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावंच लागतं, त्यामुळे तिथे व्हिसा नसेल तर विषयच संपला. बाकीच्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर तसं नसतं. तिथे उतरलेल्या माणसाला दोन वाटा असतात. ‘ट्रान्स्फर’ची पाटी धरून गेलात की तुम्ही आतल्या आत राहता, कागदोपत्री त्या देशात शिरतच नाही. ‘अरायव्हल’ची पाटी धरलीत की समोर इमिग्रेशनचा काउंटर येतो आणि तो ओलांडला की तुम्ही त्या देशात. ‘आत टाकतील’ वगैरे ह्यात कुठे येत नाही. मधे काउंटर आहे, त्यावर माणूस आहे, आणि तो तुमचे कागद बघून हो किंवा नाही म्हणतो. चुकून बाहेर पडलो, असं कोणाचं होत नाही.

आता तुमचे कागद. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला जायचं तर एरवी आधी व्हिसा काढावा लागतो. पण भारतीय आणि चिनी नागरिकांसाठी त्यांनी एक सवलत ठेवली आहे: तिसऱ्या देशात जाताना किंवा तिथून परतताना वाटेत 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. त्यासाठी आठ देशांपैकी एकाचा वैध व्हिसा हातात लागतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन, अमेरिका. तुमचा ऑस्ट्रेलियाचा आहे, म्हणजे जमलं. सिंगापुरात उतरता त्या दिवसापासून तो व्हिसा पुढे किमान एक महिना चालणारा हवा, पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा, आणि 96 तासांच्या आत तिथून निघणारं पक्कं तिकीट हवं. तुमचं त्याच रात्रीचं आहे.

व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नाही म्हणून घाबरू नका. ऑस्ट्रेलिया आता स्टिकर लावतच नाही, व्हिसा त्यांच्या संगणकात तुमच्या पासपोर्ट नंबराला जोडलेला असतो. जो ई-मेल आलाय तोच तुमचा कागद. तो दोन प्रतींत छापून घ्या. लेकीला सांगून ऑस्ट्रेलियन सरकारच्या ‘व्हेवो’ ह्या ऑनलाइन तपासणीतून व्हिसा चालू असल्याचं पानही काढून घ्या. मोबाईलमध्ये आहे की, असं यजमान म्हणतील. म्हणू देत. काउंटरवर पोचेपर्यंत मोबाईलची बॅटरी लाल झालेली असते आणि चश्मा वरच्या कप्प्यातल्या बॅगेत असतो.

दुसरं काम निघण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतलं. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा फॉर्म भरायचा. तो पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतो आणि फुकट असतो. हुबेहूब तसंच दिसणारं संकेतस्थळ पैसे मागत असेल तर ते बंद करा. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, आणि विमानतळाच्या आतच थांबणार असाल तर ते लागतही नाही. त्यात ई-मेलचा पत्ता नीट लिहा, कारण सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, प्रवेशाचा पास ई-मेलवर पाठवतं. यजमानांना आठवण म्हणून शिक्का हवा असेल तर थोडा हिरमोड होईल.

आणि एवढं सगळं असूनही शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. ही सवलत आहे, हक्क नाही. त्याने विचारलं तर छोटी उत्तरं द्या: मेलबर्नला जातोय, रात्रीचं विमान आहे, दिवसभर फिरून येतो. जावई काय करतात, नातवाचं नाव काय ठेवलं, ते राहू द्या.

आता सामान, कारण बाहेर पडायचं की नाही हे बऱ्याचदा व्हिसा नाही, बॅगच ठरवते. मुंबईच्या काउंटरवर बॅगा देताना त्यांच्या मुठीला जी पांढरी पट्टी चिकटवतात, तिच्यावर तीन अक्षरं ठळक छापलेली असतात. तिथे ‘एमईएल’ दिसलं पाहिजे, म्हणजे मेलबर्न. ‘एसआयएन’ दिसलं तर बॅग सिंगापूरलाच उतरणार, तिथल्या तिथे काउंटरवर सांगा. जाताना तुमचं एकच तिकीट आहे असं पत्रावरून दिसतं, त्यामुळे बॅगा थेट जातील. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही मुंबईतच मागून घ्या. हातातली पिशवी नकोशी झाली तर चांगी विमानतळावर पैसे देऊन सामान ठेवायची सोय आहे. बीपीच्या गोळ्या मात्र खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा.

त्या पिशवीवरून आठवलं. यजमानांना तंबाखूची सवय असेल तर पुडी ठाण्यातच सोडायची. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, ई-सिगारेटलाही, आणि च्युइंग गमही नेता येत नाही. मला काही माहीत नव्हतं, हे तिथे चालत नाही.

वेळेचं गणित करू. पावणेआठला उतरलात म्हणजे तुमच्या शरीराच्या घड्याळात सव्वापाच वाजलेत, कारण सिंगापूर आपल्याहून अडीच तास पुढे आहे. रात्र विमानात, झोप अर्धवट, पाय सुजलेले. लगेच पळू नका. आतच तोंड धुवा, काही खा, तासभर आडवं व्हा, दहाच्या सुमाराला इमिग्रेशनकडे निघा. संध्याकाळी साडेपाचला विमानतळावर परत. मधले सात तास तुमचे.

त्या सात तासांत काय करायचं, ह्यावर तुम्हा दोघांचं भांडण होणार हे पत्रावरूनच कळतंय. तुमची भीती मोठी असेल तर विमानतळातर्फेच एक फुकट टूर आहे. साडेपाच ते चोवीस तास वाट बघणाऱ्या ट्रान्झिट प्रवाशांसाठी ती असते, सुमारे अडीच तासांची, बसने गाइडसकट नेतात आणि परत आणून सोडतात. आधी ऑनलाइन जागा धरता येते. फक्त एक ध्यानात ठेवा, टूरची नोंद आतल्या भागातल्या त्यांच्या डेस्कवर करायची असते, आधीच इमिग्रेशन ओलांडून बसलात तर पंचाईत. आणि सिंगापुरात शिरण्याची जी अट वर सांगितली ती ह्या टूरलाही लागू आहे.

पण माझं मत विचाराल तर तुम्ही आपले आपण जा. विमानतळापासून शहर साधारण वीस किलोमीटर, आपल्या ठाणे–दादरएवढंही नाही. चांगीहून मेट्रोत बसायचं, पहिलंच स्टेशन एक्स्पो, तिथे उतरून डाउनटाउन लाइन पकडायची आणि थेट बेफ्रंट. एकदाच गाडी बदलायची. ईस्ट-वेस्ट लाइनचा दुसरा रस्ता जरा लवकर पोचवतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हाच सोपा. आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं, तिकीटखिडकी शोधावी लागत नाही. फक्त तुमचं कार्ड वेगळं, ह्यांचं वेगळं, एकाच कार्डावर दोघं जात नाहीत. कार्ड चालू आहे की नाही हे बँकेला निघण्याआधी विचारायचं, ते काम यजमानांकडे द्या, त्यांना आवडेल.

बेफ्रंटला उतरून गार्डन्स बाय द बे. तिथली ती लोखंडी झाडं, 25 ते 50 मीटर उंचीची, वेली चढवलेली, खालून फुकट बघता येतात. काचघरांना तिकीट आहे, पण बाहेर ऊन असह्य झालं की ते तिकीट सत्कारणी लागतं. छत्री न्या, दुपारी पाऊस कधीही येतो. मग त्याच डाउनटाउन लाइनने पुढे चार स्टेशनं, लिटल इंडिया. सेरंगून रोडवर 1947 पासून चालणारं कोमला विलास आहे, शाकाहारी, डोसा आणि फिल्टर कॉफी. परदेशात पहिलंच पाऊल आणि समोर केळीच्या पानावर भात, ही गंमत तुम्हाला आवडेल. तिथल्या फुलांच्या दुकानांत मोगऱ्याचे गजरे टांगलेले असतात. जवळच वीरमाकाळीअम्मनचं देऊळ आहे, पण दक्षिणेतल्या देवळांसारखं ते दुपारी बंद असू शकतं, बाहेरून गोपुर बघा.

एवढंच. तिसरं ठिकाण घालू नका. मर्लायनचा फोटो, ऑर्चर्ड रोड, सेंटोसा अशी यादी कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तिला नमस्कार करून सोडून द्या. उरलेला वेळ विमानतळालाच लागून असलेल्या ज्युएल नावाच्या मॉलमध्ये घालवा. तो 40 मीटरचा घरातला धबधबा फोटोत पाहिला असेल तुम्ही. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे आत बसून राहिलेल्यांना तो दिसत नाही. निम्मे लोक ‘एअरपोर्टमधेच धबधबा आहे’ ह्या भरवशावर आत बसतात आणि शोधत फिरतात.

ह्यातलं काहीच झेपणार नाही असं त्या सकाळी वाटलं, तर खुशाल आत राहा. टर्मिनल तीनमध्ये आतल्या भागात फुलपाखरांची बाग आहे. गुडघे दुखत असताना नवऱ्याच्या हट्टापायी मेट्रोचे जिने चढू नका. ते एकटे जाऊन येऊ शकतात. तुम्ही कॉफी घेऊन फुलपाखरं बघा.

आता क्वालालंपूर. तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात आणि नेमकं तिथेच माझं बोट अडलं.

दोन वेगवेगळी तिकिटं म्हणजे विमान कंपन्यांच्या लेखी तुम्ही दोन वेगवेगळे प्रवास करताय. मेलबर्नहून येणारी कंपनी तुमच्या बॅगा क्वालालंपूरला पट्ट्यावर सोडून देईल. त्या घ्यायला तुम्हाला इमिग्रेशन ओलांडून मलेशियात शिरावं लागेल, कस्टममधून बाहेर यावं लागेल आणि पुन्हा मुंबईच्या विमानासाठी रांगेत उभं राहून बॅगा द्याव्या लागतील. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबणार नाही आणि पैसेही परत देणार नाही, तिचा त्यात दोष काय? विमानतळाला दोन टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांपासून चालत जाण्यासारखी नाहीत, मधे ट्रेन किंवा बस घ्यावी लागते. तुमची दोन विमानं एकाच टर्मिनलची आहेत का, हे आधी जावयांना विचारा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मीही अशीच हुशारी केली होती. अर्ध्या पैशांत दोन तिकिटं, मधे युरोपातलं एक शहर. रात्री एकच्या सुमाराला सहारच्या काउंटरवर त्या मुलीने माझा पासपोर्ट उलटसुलट चाळला, संगणकात काहीतरी बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, बॅग तिथे उचलायला बाहेर यावं लागेल, शेंगेन व्हिसा कुठाय?’ मी म्हटलं, मी तर फक्त विमान बदलतेय. ती म्हणाली, ‘तुमच्या तिकिटाप्रमाणे नाही.’ तिचं बरोबर होतं. काउंटरवर ही मंडळी ‘टायमॅटिक’ नावाची एक यादी बघतात, कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं त्याची, आणि ती नाही म्हणाली की कोणाची ओळख चालत नाही. पहाटे ऐरोलीच्या पुलावरून टॅक्सीने परत येताना ड्रायव्हरने विचारलं, ‘कुठून आलात?’ कुठून आले म्हणून सांगणार?

तुमच्या बाबतीत नशीब एवढं की मधलं गाव क्वालालंपूर आहे. मलेशियाने भारतीयांना 30 दिवसांची व्हिसामाफी दिली आहे, ती सध्या 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे, त्यामुळे बॅग घ्यायला बाहेर येता येईल. तुमची परतीची तारीख तिच्या अलीकडची आहे ना, बघा. त्यांचंही एक डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं, तेही फुकट. ते लेकीकडून मेलबर्नलाच भरून घ्या. पण व्हिसा सुटला म्हणून वेळ सुटत नाही. चार तासांत उतरणं, इमिग्रेशनची रांग, दोघांच्या बॅगा, कदाचित दुसरं टर्मिनल आणि विमानाच्या तासभर आधी बंद होणारा काउंटर. तिशीतला मुलगा हे पळत करेल. तुम्ही पळू नये.

जावयांना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न, नाही का? त्यांनी मेहनतीने पैसे वाचवलेत आणि सासूबाईंनी खोड काढली, असं होऊ नये. लेकीमार्फत सांगू नका, ते जास्त लागतं. तुम्हीच फोन करा आणि म्हणा, ‘अहो, बॅगा मधे घ्याव्या लागतील का हो? आमच्याने होईल ना?’ हुशार माणूस असेल तर पुढचं त्याला कळेल. एकतर परतीचं तिकीट बदलून एकाच बुकिंगवर घ्यायचं, नाहीतर मुंबईचं विमान दुसऱ्या दिवसाचं करून एक रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढायची. दुसरा उपाय यजमानांना पसंत पडेल, आणखी एक शहर मिळतं.

हे पत्र छापतेय ते इतरांसाठीही, कारण ठाणे, नवी मुंबईत घराआड एक मूल परदेशी आहे. तुमच्याकडचा ऑस्ट्रेलियाचा कागद सगळीकडे चालेल असं समजू नका. सिंगापूरला तो चालतो. दुबईच्या व्हिसा-ऑन-अरायव्हलच्या यादीत ऑस्ट्रेलिया 2025 च्या फेब्रुवारीत आलं, त्याआधी अमेरिका, ब्रिटन, युरोपवाल्यांनाच ती सोय होती. इस्तंबूलला मात्र तुर्कीचा ई-व्हिसा मिळायला अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा व्हिसा लागतो, ऑस्ट्रेलियाचा उपयोग नाही. हाँगकाँगला ह्यातला कुठलाच नको, पण आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. चीनमध्ये वाटेत व्हिसाशिवाय 240 तास थांबायच्या सवलतीची जाहिरात सगळीकडे दिसते, त्या 55 देशांत भारत नाही. आणि लंडनला तर आत बसून विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. नियम बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं पान स्वतः उघडून बघा. माझं हे सदर सहा महिन्यांनी रद्दीत गेलेलं असेल.

आणखी एक. 25 डिसेंबर 2025 पासून आपल्याकडे नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार, ‘एनएमआय’ असेल तर उलव्याकडे. ठाण्याहून दोन्ही रस्ते वेगळ्या दिशांना जातात, टॅक्सी सांगताना नीट सांगा.

राहता राहिले पेढे. नाही चालणार. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत आणि भारतातून दुधाची मिठाई नेता येत नाही. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यावर खायचं काहीही असलं तरी ‘हो’ लिहा. ‘हो’ लिहिलंत तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलंत तर दंड. गोडा मसाला बंद पाकिटात न्या आणि तोही दाखवा. पेढे निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीत वाटून टाका, त्या काकांना दोन जास्त द्या.